पेशीतली दावण

(कोल्हापुरात पदव्युत्तर विद्यार्थी आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पेशीतला संदेश नेमक्या जागीच का लागू पडतो आणि त्यासाठी संबंधितांना एका जागी बांधून ठेवणारी ‘एकॅप’ नावाची प्रथिनं, हा आजचा विषय. एका जुन्या कोड्यापासून सुरुवात करू. हृदयाच्या स्नायूवर आयसोप्रोटेरेनॉल टाकलं की पेशीपडद्यावरचा बीटा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश घेणारं प्रथिन, जागा होतो, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू जोरात आकसतो. हे आयसोप्रोटेरेनॉल म्हणजे ॲड्रेनॅलिनच्याच घराण्यातलं. आता त्याच स्नायूवर प्रोस्टाग्लँडिन ई-१ टाका. त्याचा रिसेप्टर वेगळा, पण सायक्लिक एएमपी तेही वाढवतं. आणि स्नायूचा जोर? ढिम्म फरक नाही.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीप्रमाणे हे होताच कामा नये. आकृती सांगते की रिसेप्टरनं जी-प्रोटीनला उठवायचं, त्यानं सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या ॲडेनिलिल सायक्लेजला, मग सायक्लिक एएमपी, मग इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं प्रोटीन किनेज ए, म्हणजे पीकेए, आणि मग काम. मधला रेणू एकच असेल तर शेवट दोन कसे? ब्रंटन, हेज आणि मेयर यांनी १९८० च्या सुमारास पेशी फोडून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं द्रव आणि खालचा साका वेगळा तपासला. आयसोप्रोटेरेनॉलनं साक्यातलं, म्हणजे पडद्यांना आणि तंतूंना धरून बसलेलं पीकेएसुद्धा चेतवलं होतं. प्रोस्टाग्लँडिननं फक्त द्रवात मोकळं फिरणारं. म्हणजे चेतलेलं पीकेए किती आहे यावर सगळं ठरत नव्हतं. ते कुठं उभं आहे हेही मोजावं लागणार होतं.

गुऱ्हाळावर जाऊन आलेल्यांना हे लगेच पटेल. ‘जाळ कमी कर’ ही गुळव्याची हाक सगळ्या आवाराला ऐकू जाते. पण उपयोग कोणाचा? चुलवाणाच्या तोंडाशी चिपाड घेऊन बसलेल्या माणसाचा. उसाच्या मोळ्या उतरवणाऱ्यानं तीच हाक कितीही स्पष्ट ऐकली तरी काहिलीखालचा जाळ काही हलत नाही.

सायक्लिक एएमपीचा शोध अर्ल सदरलँड यांचा, नोबेल १९७१ चं. पीकेए शुद्ध केलं वॉल्श, पर्किन्स आणि क्रेब्ज यांनी १९६८ मध्ये. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एक हिशेब मात्र करून बघू, कारण तो सहसा कोणी करत नाही. लहान रेणू पाण्यात सेकंदाला काही शे चौरस मायक्रोमीटर या गतीनं पसरतो. आपण ३०० धरू. दहा मायक्रोमीटर अंतर कापायला वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले सहा गुणिले ३००. शंभर भागिले अठराशे. साधारण ०.०५६ सेकंद, म्हणजे पापणी लवायच्या आत पेशीभर! एका कोपऱ्यात तयार झालेलं सायक्लिक एएमपी त्याच कोपऱ्यात राहण्याचं काही कारणच दिसत नाही.

आणखी एक अडचण. पेशी शांत असतानाही तिच्यातलं एकूण सायक्लिक एएमपी एक मायक्रोमोलरच्या आसपास भरतं. परीक्षानळीत पीकेए चेतवायला त्याच्या काही अंशानंच भागतं. मग पेशीतलं सगळं पीकेए कायमच पेटलेलं का नसतं? आज मिळणारं उत्तर असं: यातलं बहुतेक सायक्लिक एएमपी मोकळं नसतंच, ते पीकेएच्या नियामक घटकांना आणि इतर प्रथिनांना चिकटलेलं असतं. मोकळं थोडं, आणि तेही अडत-थबकत सरकणारं. २०२० मध्ये पेशीतल्या मोजणीनं हे बऱ्यापैकी पक्कं झालं. फॉस्फोडायएस्टरेज, म्हणजे सायक्लिक एएमपी फोडणारं पीडीई, आपल्याभोवती काही नॅनोमीटरपुरता कोरडा डबरा ठेवू शकतं तो यामुळेच. पीडीई-४ चा एकेक रेणू सेकंदाला मोजकेच रेणू फोडतो. सायक्लिक एएमपी खरोखर पाण्यासारखं वाहत असतं तर त्याच्यानं काही झालं नसतं.

आता मुख्य पात्राकडे. पीकेए हा चार घटकांचा संच आहे: दोन नियामक, म्हणजे आवरून धरणारे, आणि दोन उत्प्रेरक, म्हणजे फॉस्फेट लावणारे. प्रत्येक नियामक घटकावर सायक्लिक एएमपीच्या दोन जागा, म्हणजे संचाला चार रेणू. नियामक घटकांची सुरुवातीची टोकं, साधारण पहिली ४५ अमिनो आम्लं, एकमेकांना बिलगून चार वेटोळ्यांची गाठ बनवतात. या गाठीच्या एका तोंडावर उथळ, तेलकट खाच असते. त्या खाचेत बसतं ते नांगर-प्रथिन. ए-किनेज अँकरिंग प्रोटीन, बोलताना एकॅप. एकॅपचा बसणारा भाग म्हणजे १४ ते १८ अमिनो आम्लांचं एक सर्पिल. त्याची एक बाजू तेलकट, दुसरी पाण्याला धार्जिणी. तेलकट बाजू खाचेत, दुसरी बाहेर. बस्, एवढाच सांधा. पण पक्का: नियामक घटक ‘आरटू’ जातीचा असेल तर पकड नॅनोमोलर ताकदीची. ‘आरवन’ जातीशी बहुतेक एकॅपची पकड त्याहून ढिली असते. काही थोडे दोन्हींना धरतात.

‘नांगर’ हा शब्द मला फारसा मानवत नाही. कोल्हापुरात नांगर म्हटलं की शेत डोळ्यांपुढं येतं, जहाज नाही. आणि जहाजाच्या नांगरानंही चित्र अपुरंच राहतं, कारण नांगराला एकच जहाज असतं. आपल्या गोठ्यात बघा. एका आडव्या दोरखंडाला ओळीनं पाच-सहा जनावरं बांधलेली असतात, त्याला आपण दावण म्हणतो. एकॅप ही दावण आहे. तिच्या एका जागी पीकेए, शेजारी फॉस्फेट काढणारं फॉस्फटेज, त्यापलीकडं पीडीई, आणि दावणीचं टोक एखाद्या रिसेप्टरला किंवा आयन चॅनेलला आवळलेलं. अशा दावणी पन्नासहून जास्त आहेत, एकाच जीनपासून बनणारी वेगवेगळी रूपं धरून.

एकॅपविषयी बोलताना बहुतेक जण ‘किनेज लक्ष्याजवळ आणतं’ एवढ्यावर थांबतात. माझ्या मते ते अर्धंच सांगणं झालं. किनेज जवळ आणल्यानं गती वाढते, कबूल. पण संदेश सुटसुटीत राहतो, वेळेवर संपतो, शेजाऱ्याच्या अंगणात सांडत नाही, हे काम पुसणाऱ्याला त्याच दावणीला बांधल्यामुळं होतं.

एकॅप-७९ घेऊ. नावाविषयी आधी सांगून टाकतो, कारण वाचताना इथं हमखास गोंधळ होतो. सुरुवातीला ही नावं जेलवर दिसणाऱ्या वजनावरून पडली. माणसाचं ७९, गायीचं ७५, उंदराचं १५०. तिन्ही एकाच जीनची प्रथिनं, आणि त्या जीनचं नाव एकॅप-५. उंदराच्या प्रथिनात मध्येच पुनरावृत्तीचा लांबलचक आम्लधर्मी तुकडा आहे, म्हणून ते १५० वर धावतं. तीन शोधनिबंध वाचून तीन वेगळी प्रथिनं आहेत असं समजून घेतलेले विद्यार्थी काही कमी नाहीत.

माणसाचं एकॅप-७९ हे ४२७ अमिनो आम्लांचं. सुरुवातीच्या भागात धनभारित असे तीन पट्टे आहेत, ते पेशीपडद्यातल्या पीआयपी-२ या ऋणभारित मेदाला चिकटतात. त्याच भागात दोन सिस्टीनवर, ३६ आणि १२९ व्या, पामिटिक आम्ल चढतं आणि पडद्यातली पकड घट्ट होते. शेवटाकडं पीकेएचं सर्पिल. त्याच्या जरा अलीकडं कॅल्सिन्यूरिन या फॉस्फटेजला धरणारा सात अक्षरांचा तुकडा: प्रोलिन, आयसोल्युसिन, ॲलानिन, मग तीन आयसोल्युसिन, मग थ्रिओनिन. शिवाय प्रोटीन किनेज सी-लाही जागा आहे. मेंदूतल्या सिनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, ही दावण पीएसडी-९५ आणि सॅप-९७ या मचाण-प्रथिनांच्या मार्फत ग्लुटामेटच्या एएमपीए रिसेप्टरपाशी येते.

तिथं काय चालतं? या रिसेप्टरच्या ग्लुए-१ घटकावर ८४५ क्रमांकाचं सेरिन आहे. पीकेएनं त्यावर फॉस्फेट लावलं की रिसेप्टर जास्त वेळ उघडा राहतो आणि पडद्यावर टिकतो. कॅल्शियम बेताचं पण बराच वेळ येत राहिलं की शेजारी बांधलेलं कॅल्सिन्यूरिन चेततं आणि तेच फॉस्फेट काढून टाकतं. रिसेप्टर आत ओढला जातो, सिनॅप्स अशक्त होतो. लावणारा आणि काढणारा एकाच दोरीला, काही नॅनोमीटर अंतरावर. एकाला सायक्लिक एएमपीची हाक कळते, दुसऱ्याला कॅल्शियमची.

कॅल्सिन्यूरिनची गाठ मुद्दाम मध्यम ताकदीची आहे, आणि हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. त्या सात अक्षरांत बदल करून गाठ जास्त घट्ट केली तर काम सुधारायला हवं, असं कोणालाही वाटेल. होतं उलट. कॅल्सिन्यूरिन दावणीलाच अडकून पडतं, एनफॅट या जीन चालू करणाऱ्या प्रथिनापर्यंत पोचतच नाही आणि केंद्रकाला जाणारा संदेश मंदावतो. गाठ पूर्ण सोडली तरी संदेश हरवतो, कारण मग कॅल्शियम चॅनेलच्या तोंडाशी कोणीच बसलेलं नसतं. सुटू शकेल अशीच गाठ हवी. गोठ्यातलं जनावर ज्यानं सोडलं आहे त्याला सरकगाठ आणि निरगाठ यांतला फरक सांगायला नको.

यातून प्रयोगाचा एक नियमही निघतो. संपूर्ण एकॅप-५ जीन काढलेला उंदीर बघितला तर सगळीच जनावरं एकदम मोकळी सुटलेली असतात. लावणाराही गेला, काढणाराही गेला. दोन्ही परिणाम एकमेकांना खातात आणि शेवटी ‘फारसा फरक नाही’ असं दिसू शकतं. म्हणून प्रथिनाचं शेवटचं ३६ अमिनो आम्लांचं टोक कापलेला, म्हणजे फक्त पीकेए सुटलेला उंदीर वेगळा करतात आणि फक्त कॅल्सिन्यूरिनची गाठ काढलेला वेगळा. नॉकआउटवरून, म्हणजे जीनच काढलेल्या उंदरावरून, ‘हे प्रथिन बिनकामाचं’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

बीटा-२ रिसेप्टरवर पीकेए आपल्याच मालकावर उलटतं. रिसेप्टरनं सायक्लिक एएमपी वाढवलं, पीकेए चेतलं, आणि त्यानं रिसेप्टरच्याच आतल्या तिसऱ्या वेटोळ्यावर आणि शेपटीवर फॉस्फेट लावलं. परिणाम दुहेरी: सायक्लेजला उठवणाऱ्या ‘जीएस’ या जी-प्रोटीनशी सूत तुटायला लागतं आणि त्याला आवरणाऱ्या ‘जीआय’शी जुळतं, म्हणजे सायक्लिक एएमपी वाढवणारा रिसेप्टर आता ते कमी करू लागतो. यासाठी पीकेए रिसेप्टरला खेटूनच लागतं. ते काम एकॅप-७९ आणि ग्रॅव्हिन, म्हणजे एकॅप-१२, ही दोन प्रथिनं करतात. दम्याचा पंप वारंवार वापरला की असर उतरतो, त्यामागं या साखळीचाही वाटा आहे. रिसेप्टरला शांत करणाऱ्या जीआरके आणि अरेस्टिन या प्रथिनांचा वाटा वेगळा.

गाठ सुटली तर माणसाला काय होतं, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हृदयात आहे. नाव योटियाओ, एकॅप-९ जीनचं प्रथिन. ते केसीएनक्यू-१ या पोटॅशियम चॅनेलच्या शेपटीला धरतं आणि सोबत पीकेए, फॉस्फटेज पीपी-१ आणि पीडीई-४डी-३ आणतं. धावताना, पोहताना ॲड्रेनॅलिन वाढतं, ठोके वाढतात. ठोके वाढले की प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला लवकर शांत व्हावं लागतं, नाहीतर पुढचा ठोका अर्धवट पेशीवर येऊन आदळतो. म्हणून पीकेए चॅनेलच्या २७ व्या सेरिनवर फॉस्फेट लावतं, पोटॅशियम जास्त बाहेर जातं आणि पेशी लवकर पूर्ववत होते. केसीएनक्यू-१ मध्ये ५८९ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आलं की योटियाओची पकड सुटते. फिनलंडमधल्या अनेक कुटुंबांत हा बदल आहे. चॅनेल आहे, पीकेए आहे, सायक्लिक एएमपीही आहे, फक्त दोरी तुटली. आणि ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, लांबतं. योटियाओतच १५७० व्या सेरिनच्या जागी ल्युसिन आल्यानंही असाच विकार झाल्याची नोंद आहे.

लाँग क्यूटीच्या या पहिल्या प्रकारात शुद्ध हरपण्याचे प्रसंग बहुधा कसरतीत, विशेषतः पोहताना येतात. विषयांतर होईल, पण पंचगंगेच्या घाटावर नाहीतर तालमीत पोरं सोडणाऱ्या गावात हे सांगायलाच हवं: पोहताना किंवा पळताना पोर अचानक शुद्ध हरपून पडलं, किंवा घरात कोणी तरुणपणी असंच गेलं असेल, तर ‘चक्कर आली असेल’ म्हणून सोडू नका. ईसीजी काढा आणि हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. विकार विरळा आहे, पण निदान झालं तर बीटा-ब्लॉकरचा या प्रकारात चांगला उपयोग होतो. कारण आता तुम्हाला माहीत आहे: ॲड्रेनॅलिनच्या हाकेला फक्त हाच चॅनेल बहिरा आहे, बाकी सगळे ऐकतात.

एमएकॅप, म्हणजे एकॅप-६, स्नायूपेशीत केंद्रकाच्या आवरणाला बांधलेलं असतं. त्यावर पीकेए आणि पीडीई-४डी-३ शेजारी शेजारी. सायक्लिक एएमपी वाढलं की पीकेए चेततं आणि पीडीईच्या ५४ व्या सेरिनवर फॉस्फेट लावतं. पीडीईचा वेग दुप्पट-तिप्पट होतो आणि आजूबाजूचं सायक्लिक एएमपी ते खाऊन टाकतं. पीकेए पुन्हा थंड. १३ व्या सेरिनवर लागलेलं फॉस्फेट पीडीईची एमएकॅपवरची पकडही वाढवतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तुम्ही दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकता. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजा उघडतो, उतरलं की आपोआप बसतो, बटण दाबायला कोणी लागत नाही. इथं तसंच, फक्त धरण काही नॅनोमीटरचं.

एका वादाबद्दल बोलायला हवं. पुस्तकात लिहिलेलं असतं की सायक्लिक एएमपी बसलं की उत्प्रेरक घटक सुटून मोकळा फिरतो. मग बांधून उपयोग काय, जनावर तर सुटलं! २०१७ मध्ये दाखवलं गेलं की पेशीत असतं तेवढ्या सायक्लिक एएमपीला बराचसा संच न सुटताच काम करू शकतो आणि उत्प्रेरक घटक साधारण १५ ते २५ नॅनोमीटरच्या टप्प्यात फिरतो. दुसरा पक्ष म्हणतो, सुटतो, पण नियामक घटक पेशीत उत्प्रेरकांच्या कित्येक पटींनी असल्यामुळं लगेच पुन्हा पकडला जातो. मला दुसरं म्हणणं जास्त ठिकाणी लागू पडेलसं वाटतं, विशेषतः जोराच्या चेतनेत. पण दोन्हींचा व्यावहारिक अर्थ एकच निघतो: फॉस्फेट लागतं ते जवळच.

आता हातानं करायच्या गोष्टी. एकॅप शोधायची जुनी पद्धत म्हणजे आरटू ओव्हरले. मॅप-२ हे प्रथिन १९८२ मध्ये आरटूबरोबर शुद्ध होताना सापडलं आणि दोनच वर्षांत ही पद्धत आली. जेलवर प्रथिनं वेगळी करायची, पडद्यावर उतरवायची आणि अँटिबॉडीच्या जागी खूण केलेलं आरटू ओतायचं. जेलमधल्या एसडीएस या साबणानं उलगडलेलं प्रथिनही इथं चालतं, कारण लागणारं सर्पिल इतकं छोटं की पडद्यावर ते स्वतःच पुन्हा वळतं. आरवनला धरणारे एकॅप यात बहुतेक निसटतात. ग्रॅव्हिन, एमएकॅप अशी अडीचशे किलोडाल्टनची प्रथिनं नेहमीच्या १० टक्के जेलमधून नीट उतरतच नाहीत. ५-६ टक्के जेल घ्या आणि ट्रान्सफर थंडीत रात्रभर चालवा. एक पट्टी मात्र नेहमी अशी ठेवा की आरटूबरोबर एचटी-३१ पेप्टाइड भरपूर घातलेलं आहे. त्या पट्टीवर जो बँड टिकला तो खोटा.

एचटी-३१ हे दोनेक डझन अमिनो आम्लांचं पेप्टाइड एकॅपच्याच सर्पिलाची नक्कल आहे. ते खाचेत बसतं आणि खरं एकॅप बाहेर राहतं. पेशीत शिरावं म्हणून त्याला स्टिअरिक आम्ल जोडतात आणि १० ते ५० मायक्रोमोलर वापरतात. चूक होते ती इथंच. एका टोकाला मेद, दुसरीकडं तेलकट बाजूचं सर्पिल, म्हणजे हा जवळजवळ साबणच झाला. मात्रा वाढली की पडदा गळतो आणि दिसणारा परिणाम नांगर सुटल्याचा असतोच असं नाही. म्हणून दोन आयसोल्युसिनच्या जागी प्रोलिन घातलेलं जोडपेप्टाइड त्याच मात्रेत, त्याच दिवशी वापरायचं. प्रोलिननं सर्पिल मोडतं, साबणपणा तसाच राहतो. दोन्हींत परिणाम सारखा आला तर प्रयोग बाद.

एच-८९ हे पीकेए अडवणारं औषध म्हणून सर्रास वापरतात. ते इतर किनेजही अडवतं आणि बीटा रिसेप्टरलाही थेट अडवतं. रिसेप्टरचाच अभ्यास चालू असताना ते वापरणं म्हणजे तराजूवर बोट ठेवून वजन करणं. पीकेए अडवणारं पीकेआय हे पेप्टाइड त्याहून बरं.

फोर्सकोलिन सगळी सायक्लेज एकदम उठवतं, आयबीएमएक्स बहुतेक पीडीई बंद करतं. दोन्ही एकत्र दिली की पेशीतले सगळे बांध फुटतात. सेन्सरची कमाल पातळी ठरवायला हे शेवटी द्यावं, सुरुवातीला नाही. फ्रेट सेन्सर, म्हणजे सायक्लिक एएमपी चिकटलं की उजेडाचा रंग बदलणारं प्रथिन, वापरताना ४३० नॅनोमीटरनं उजळून ४८० आणि ५३० चं गुणोत्तर बघतात. सेन्सर पेशीत जास्त झाला तर तो स्वतःच सायक्लिक एएमपी धरून ठेवतो आणि संदेश उशिरा, चपटा दिसतो. सगळ्यात झगझगीत पेशी निवडायचा मोह होतो. मंद पेशी निवडा.

प्रश्नांत एकानं विचारलं की ८४५ व्या सेरिनवरचं फॉस्फेट वेस्टर्न ब्लॉटवर कधी दिसतं, कधी गायब होतं, ते का. पेशी फोडताक्षणी दावण विस्कटते आणि फॉस्फटेज मोकळं होतं. नळीत दोन-तीन मिनिटं कोमट राहिलं तरी खूण पुसली जाते. बफर आधीच बर्फावर ठेवा. त्यात ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असू द्या, आणि कॅल्सिन्यूरिनसाठी कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए विसरू नका, कारण कॅल्शियम मिळालं नाही तरच ते गप्प बसतं. माध्यम ओतून टाकणं आणि बफर घालणं यांत दहा सेकंदांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. बारा विहिरींची थाळी एकट्यानं करत असाल तर एका वेळी दोनच विहिरी घ्या.